सरांना विचारा

दार वाजलं तेव्हा मी टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघालो होतो. उघडलं तर मगदूम सर. सायकलवरून आले होते, धाप लागली होती. हातात आमचा पेपर होता, खेळाचं पान वर येईल असा दुमडलेला.

"शालन तुझ्याशी कधी बोलली?"

मी दारातून बाजूला झालो, ते आत आले.

"कुरणे, काल दिवसभर मी त्या मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो होतो. लघवीलासुद्धा उठलो नाही. मग ती बोलली कधी तुझ्याशी?"

"नाही बोलली, सर."

"मग हे काय आहे?" त्यांनी पेपर नाकासमोर धरला आणि स्वतःच वाचायला लागले. "'माझ्या यशाचे सर्व श्रेय माझे वडील श्री. दत्तू खोत, राहणार चिंचणे, यांना आहे. लहानपणी त्यांनीच मला खांद्यावर बसवून मैदान दाखवले, असे शालनने भावुक होऊन सांगितले.' भावुक होऊन. कुठं झाली रे ती भावुक?"

"सर, सगळेच असं लिहितात. खेळाडू आई-वडिलांनाच श्रेय देतात. मी म्हटलं—"

"चिंचण्याला पेपर किती वाजता जातो?"

"सातच्या एसटीनं. गेला असेल."

सरांनी घड्याळ बघितलं. साडेसात वाजले होते. ते माझ्या कॉटवर बसले. मी टॉवेल तसाच खांद्यावर घेऊन उभा.

"आता ऐक," ते म्हणाले. "ऐकून झाल्यावर माझ्या पोरींना मी का बोलू देत नाही असं पुन्हा विचारू नकोस."

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या डिसेंबरातली. मी चोवीस वर्षांचा होतो. सांगलीच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून तालुक्याच्या गावी तीन महिन्यांपूर्वी लागलो होतो, तोही तात्पुरता. तिथल्या कॉलेजच्या मैदानावर विद्यापीठाच्या मुलींच्या खो-खो स्पर्धा भरल्या होत्या. यजमान कॉलेजचा संघ मगदूम सरांचा. शुक्रवारी पहिला सामना झाला आणि जो तो एकाच पोरीचं बोलायला लागला. शालन खोत. समोरच्या संघाच्या नऊजणी आळीपाळीनं तिच्यामागं धावत होत्या आणि ती चार मिनिटं कुणाच्या हाताला लागली नव्हती.

सांगलीहून संपादकांचा फोन आला. "त्या खोतचं दोन कॉलम पाहिजे. तिच्या तोंडचं. रविवारच्या अंकाला नाही आलं तर तिथं दुसरा माणूस बघतो."

शनिवारी मी सकाळपासून मैदानावर. पण सरांनी मुलींच्या मांडवाभोवती सुंभाची दोरी बांधली होती आणि दोरीला जिथं वाट होती तिथं स्वतः लोखंडी खुर्ची टाकून बसले होते. आम्ही तीन पेपरवाले होतो. तिघांना एकच उत्तर.

"प्रश्न मला विचारायचे. पोरींना नाही."

"सर, दोन मिनिटं."

"मी प्रेसनोट देतोय की."

ती प्रेसनोट मी तीन महिने बघत होतो. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, सामन्याचे गुण, पाहुण्यांची नावं, आभार. खेळाडूंची नावं सहा-सात असायची आणि शेवटी 'व इतर'. शालन कायम त्या 'इतर'मध्ये. मला वाटायचं सर विसरतात.

मुलीही पढवलेल्या. पाण्याच्या पिंपाजवळ एक भेटली, तिला म्हटलं, शालन कुठल्या गावची? म्हणाली, सरांना विचारा. दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. सरांना विचारा. शेवटी वैतागून एकीला म्हटलं, ताई, वाजले किती? तिच्या हातात घड्याळ होतं. तीही म्हणाली, सरांना विचारा.

सांगलीची गाडी साडेसहाला सुटायची. बातमीचं पाकीट ड्रायव्हरच्या हाती द्यायचं, तिकडं ऑफिसचा माणूस येऊन न्यायचा, अशी पद्धत होती. सहा वाजले तरी माझं पाकीट रिकामं. मग मी आयोजकांच्या टेबलावर जाऊन प्रवेश अर्जांची फाईल उघडली. शालन दत्तू खोत, मु. पो. चिंचणे. एवढं मिळालं. बाकीचं मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून दहा मिनिटांत लिहिलं. बापाचं नाव अर्जात होतंच, म्हणून श्रेय बापाला दिलं. खांद्यावर बसवलं ते मला त्यातल्या त्यात बरं वाटलं म्हणून घातलं. खाली माझं नाव टाकलं आणि पाकीट ड्रायव्हरला दिलं. रात्री मला चांगली झोप लागली.

"दोन वर्षांपूर्वी ती आमच्याच कॉलेजात बारावी झाली तेव्हा बापानं लग्न ठरवलं," सर माझ्या कॉटवर बसून सांगत होते. "ती रात्रीत निघून माझ्या घरी आली. आमच्या हिच्या गळ्यात पडून म्हणाली, मला अजून पळायचंय. दुसऱ्या दिवशी बाप हजर. माझ्या घरात शिरला आणि तिचा दंड धरून ओढत न्यायला लागला. अर्ध्या चड्डीत पोरगी पळती नि गाव बघतंय, हे त्याचं दुखणं. मी मध्ये पडलो. तासभर वाद झाला. शेवटी मी शब्द दिला."

"कसला?"

"म्हटलं, खोत, पोरीला शिकू द्या. आमच्या घरी राहील, कॉलेज करील. पळणं बंद. मैदानात पाय ठेवणार नाही. तो म्हणाला, मास्तर, तुमच्या शब्दावर सोडतोय. ज्या दिवशी ती पळती असं माझ्या कानावर येईल त्या दिवशी नेईन, आणि त्याच आठवड्यात हळद लावीन."

सरांनी पेपर कॉटवर ठेवला.

"दोन वर्षं मी त्या माणसाला फसवतोय. त्याच्या गावाकडच्या एकाही मैदानावर तिला उतरवलं नाही. कुणा फोटोवाल्याला जवळ येऊ दिलं नाही. पोरींना सांगितलं, कुणी काही विचारलं की माझ्याकडं पाठवा. मला सगळे गर्विष्ठ म्हणतात. तूही म्हणत असशील."

म्हणत होतो. आदल्या दिवशीच चहाच्या गाड्यावर मी त्यांच्याबद्दल फार वाईट बोललो होतो.

"फायनल चारला आहे," सर उठले. "चिंचण्याहून गाडी किती वाजता येते?"

"एक साडेदहाची आणि एक साडेबाराची."

"स्टँडवर जाऊन बैस. उंच माणूस आहे, गुलाबी फेटा, मिशा पांढऱ्या. फार बोलत नाही. आला तर अडव. नदीवर ने, देवळात ने, तुझ्या खोलीवर आणून झोपव. पाच वाजेपर्यंत मैदानाकडं फिरकता कामा नये."

"आणि पाचनंतर?"

"पाचनंतरचं मला ठाऊक नाही. निदान फायनल तरी खेळू दे तिला." दारात जाऊन ते वळले. "आणि आपण पेपरवाले आहोत असं सांगू नकोस."

साडेदहाच्या गाडीतून खोत उतरले नाहीत. मला वाटलं, सुटलो. पेपर गावात पोचलाच नसेल किंवा कुणी वाचला नसेल. साडेबाराची गाडी आली आणि तिच्यातून आधी गुलाबी फेटाच उतरला.

एकटा नव्हता. बरोबर दोघं होते. एक पांढऱ्या टोपीचा, एक जाडजूड, बगलेत कापडी पिशवी धरलेला. मला वाटलं, पोरीला न्यायला माणसं घेऊन आलाय. पिशवीत काय असेल याचा विचारही नको वाटला.

मी पुढं झालो. "पावणं, कुठं निघालात?"

"खो-खोचं मैदान कुठं हाय?" पांढऱ्या टोपीनं विचारलं.

"लांब आहे. आणि सामना आहे चारला. आता तिथं कुणी नाही. उन्हात कुठं बसता, चला, जेवून घ्या."

"आमी जेवून आलोय."

"मग चहा घ्या."

खोत माझ्याकडं बघत होते. त्यांची नजर फार सरळ होती. मी आधीच घामाघूम झालो होतो.

स्टँडसमोरच्या खानावळीत बसवलं. टोपीवाले चिंचण्याचे सरपंच होते आणि पिशवीवाले दूध डेअरीचे चेअरमन. दोघांनी भजी मागवली. खोत सुपारी कातरत बसले. चेअरमननी पिशवीत हात घातला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो, पण त्यातून त्यांनी पेपर काढला. आमचाच.

"ह्यो लिवणारा वसंत कुरणे कोण हो? वळखीचा हाय?"

"तो... बाहेरगावी गेलाय."

"कवा येणार?"

"आठवडाभर नाही येणार."

खोत पहिल्यांदा बोलले. "भेटला असता तर बरं झालं असतं." आणि अडकित्ता खिशात घातला.

मी भज्यांची आणखी एक प्लेट सांगितली. मग मी त्यांना ऊस, पाणी, कारखाना यावर बोलतं ठेवायला बघितलं. सरपंच बोलायला तयारच होते. कारखान्याच्या चेअरमनला त्यांनी तासभर शिव्या दिल्या. दोन वाजले, अडीच झाले. मी म्हटलं, आपल्या गावात गणपतीचं देऊळ फार जुनं आहे, बघून येऊ. उठलोही. तेवढ्यात मैदानावरचा कर्णा सुरू झाला. मैदान मी सांगितलं होतं तेवढं लांब नव्हतं. मधे फक्त एक शाळा आणि बाजारपेठ.

"आजच्या अंतिम सामन्याचं आकर्षण, आपल्या कॉलेजची शालन खोत..."

सगळी खानावळ ऐकत होती. चेअरमन घास हातात धरून थांबले. खोत उठून उभे राहिले, आवाज कुठून येतोय ते बघितलं आणि चालायला लागले. मी मागून जवळजवळ पळत होतो.

"देऊळ, खोत काका—"

"माघारी येताना बघू."

ते थांबले. "माझं आडनाव तुला कुणी सांगितलं?"

उत्तराची त्यांनी वाटही बघितली नाही, पुढं निघाले.

मैदानावर गर्दी झाली होती. मगदूम सर दोरीच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलेले. मांडवात पोरी पायांना क्रेप बँडेज बांधत होत्या. सरांनी गुलाबी फेटा लांबूनच बघितला. मग माझ्याकडं बघितलं. ते उभे राहिले आणि खुर्ची वाटेत आडवी धरली.

"राम राम, मास्तर," खोत म्हणाले.

"राम राम."

"पोरीला भेटायचंय."

"सामन्याआधी माझ्या खेळाडूंना कुणी भेटत नाही. पेपरवाले नाहीत, कुणीच नाही."

"मी बाप हाय."

"म्हणूनच नाही."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी खोतांच्या मागं उभा होतो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, हे मी कबूल करतो.

"खोत," सरांचा आवाज खाली आला. "मी शब्द दिला होता. तो मोडला. दोन वर्षं मोडतोय. काय बोलायचं ते मला बोला. वाटलं तर मारा. पण पोरीला आजचा एक सामना खेळू द्या. मग तुम्ही आणि ती."

"शब्द मोडला ते मला ठाऊक हाय."

सरांनी चष्मा वर सारला.

"ती पळायची ऱ्हाईल व्हय? चालाय लागायच्या आधी पळाय लागलेली पोर ती. पण कुटं कागदावर न्हवतं, तवर मला ठाऊक न्हाई म्हणाय येत हुतं. भावकीत कुणी इचारलं तर मी म्हणायचो, कालेजात हाय, शिकती. आता कागदावर आलं."

"ती चूक माझी—" मी मागून म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

खोतांनी फेटा काढला आणि परत नीट बसवला. मग एकदम बोलायला लागले, कुणाकडंही न बघता.

"सकाळी डेअरीत दूध घालाय गेलो. चाळीस माणूस रांगेत. ह्या चेअरमननं मोठ्यानं वाचून दावलं. सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी म्हटलं, झालं, आज इज्जत गेली. तर ह्यो सरपंच आला नि माझा हात धरला. म्हणला, दत्तूदा, पोरीनं बापाचं नाव काढलं. तुमी खांद्यावर घिऊन फिरवली म्हणून आज पेपरात आली. मग एकेक जण येऊन हात मिळवाय लागला. माझा चुलतभाऊ, धा वरसं माझ्याशी बोलत न्हाई, त्यो आला. मला सांगा मास्तर, आता मी त्येंला कुठल्या तोंडानं सांगू की दोन वरसांमागं मी तिला ओढून न्यायाय आलो हुतो?"

चेअरमननी पिशवी उघडून दाखवली. आत नारळ होता, आणि एक कोरा फेटा.

"गावानं दिलाय," ते म्हणाले. "पोरीला."

सरांनी खुर्ची खाली ठेवली, पण वाट सोडली नाही. खोतांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण मला येक कळंना," ते म्हणाले. "मी तिला कंदी खांद्यावर घिऊन मैदान दावलेलं न्हाई. रस्त्यानं येताना लई आठवून बघितलं. एकदा जत्रंला घेतली हुती. तितं कबड्डी चालली हुती. ते म्हणत आसंल व्हय? का ह्या पेपरवाल्यानं आपलंच लिवलंय? ती खरंच तसं म्हणाली का, एवढंच मला तिला इचारायचंय. ती म्हणली असंल तर मी हितं बसतो. न्हाई म्हणली असंल तर..." ते थांबले. सरपंच आणि चेअरमन त्यांच्याकडं बघत होते. "तर मग गावाला काय त्वांड दावायचं ते ठरवाय लागंल."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मला कळलं की आता बोलायची पाळी माझी. हा माणूस खरं विचारत होता आणि खरं फक्त मलाच ठाऊक होतं. मी पुढं झालो. "काका, तो कुरणे—"

"हो, मी म्हणाले."

शालन मांडवाच्या खांबाशी उभी होती. अंगात निळा टीशर्ट, एका पायाला बँडेज बांधलेलं, दुसऱ्या पायाचं हातात. मी तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. मैदानावर दिसते त्यापेक्षा ती बरीच लहान चणीची होती.

"मी म्हणाले, आप्पा," ती परत म्हणाली. "जत्रेतलंच. तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं नि मी तुमचा फेटा धरून ठेवला होता. तुम्ही ओरडलात, डोळं झाकाय लागल्यात म्हणून."

खोतांनी थोडा वेळ विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "वरडलो हुतो."

मग ते मागं गेले, प्रेक्षकांत पहिल्या ओळीत जमिनीवर बसले आणि परत अडकित्ता काढला.

सामना चारला सुरू झाला. खोतांना खो-खो कळत नव्हता. आपली पोर पळणाऱ्यांत आहे की धरणाऱ्यांत, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. शालन पळायला लागली की ते ओरडायचे, "धर, धर तिला." सरपंच त्यांना गप्प करायचे, "दत्तूदा, आपलीच हाय ती." मग ते म्हणायचे, "मग सोडा तिला, सोडा." आजूबाजूचे हसून हसून बेजार झाले होते.

दुसऱ्या डावात ती शेवटची तीन मिनिटं पळाली. समोरच्यांनी दोन्ही खांबांच्या मधे तिला कोंडून बघितलं, तिरकं धावून बघितलं, अंगावर झेप घेऊन बघितलं. ती हाती लागली नाही. शिट्टी वाजली तेव्हा ती मैदानात एकटीच उभी होती. पण तोवर बाकीच्यांनी जे गुण द्यायचे ते देऊन झाले होते. एका गुणानं आमचं कॉलेज हरलं.

"हरलो?" खोत सरांना विचारत होते. "आता? हिला तर कुणी शिवलंच न्हाई. मग कसं काय हरलो?"

सर तो हिशेब त्यांना पाच मिनिटं समजावून सांगत होते. शेवटी खोत म्हणाले, "तुमचा खेळच चुकीचा हाय."

बक्षीस समारंभात सरपंचांनी माईक मागून घेतला आणि चिंचणे गावातर्फे शालनला नारळ दिला. फेटा तिच्या डोक्याला मोठा झाला. तिनं तो हातात धरला. टाळ्या पडल्या.

गर्दी पांगल्यावर मगदूम सर माझ्याकडं आले. "कुरणे, वही आहे?"

"आहे."

"जा. दहा मिनिटं. मी इथंच बसणार आहे."

मी दोरीच्या आत गेलो. शालन सतरंजीवर बसून बँडेज गुंडाळत होती. मी समोर बसलो. काय विचारावं ते मला सुचेना. म्हणून विचारलं, "यशाचं श्रेय कुणाला द्याल?"

"हरलोय की."

"तरी."

"ते तुम्ही लिहिलंयच." तिनं बँडेजला टाचणी लावली. "तुम्ही आप्पांना खरं सांगणार होता ना? तोंड उघडलंत ते मला दिसलं."

"हो."

"सांगितलं असतंत तर त्यांना त्या दोघांसमोर मान खाली घालावी लागली असती. मग मला न्यावंच लागलं असतं. त्यांची इच्छा नसली तरी. म्हणून मी मधे बोलले. तुम्हाला वाचवायला नाही."

"पण जत्रेतलं खरं होतं?"

"कबड्डी नव्हती. तमाशाचा तंबू होता. आप्पांना ते आठवायला नको म्हणून मी मैदानाला हो म्हणाले."

मी वहीत काही लिहिलं नाही. मग तिनं स्वतःहून सांगितलं. मैदानात पळताना मागं वळून बघावं लागत नाही, ती म्हणाली, मागची किती जवळ आलीय ते पायांच्या आवाजावरून कळतं. घरातून निघाल्यापासून दोन वर्षं तिला मैदानाबाहेरही मागं कुणीतरी येतंय असं ऐकू यायचं. कॉलेजात, रस्त्यानं, झोपेत. "आज दुसऱ्या डावात ते नव्हतं. आप्पांचं ओरडणं तेवढं ऐकू येत होतं. तेही उलटंच."

"हे लिहू?"

"नको."

"मग काय लिहू?"

ती हसली. "सरांना विचारा."

सोमवारच्या अंकात मी सामन्याचा निकाल दिला, गुण दिले, आणि तिचं नाव पूर्ण दिलं. एवढंच. संपादकांनी फोन करून विचारलं, मुलाखतीचं पुढं काय? मी म्हटलं, ती बोलत नाही. त्यांनी मला काढलं नाही, कारण चिंचण्यात रविवारच्या पेपरला गिऱ्हाईक वाढलं होतं.

तीन वर्षांनी शालनचं आणि माझं लग्न झालं. मागणी घालायला मगदूम सरच गेले. तेव्हा मी खोतांना खरं सांगितलं की कुरणे मीच आणि ती मुलाखतही माझ्याच डोक्यातली. ते म्हणाले, "मला खानावळीतच कळलं हुतं. बाहेरगावी गेलेल्या माणसाला एवढा घाम येत न्हाई." पण लोकांना ते जत्रेतलं कायम सांगत राहिले, आणि शालनही मान हलवत राहिली. मला वाटतं नंतर नंतर दोघांनाही ते खरंच वाटायला लागलं होतं. शालनला जाऊन आता चौदा महिने झाले. शेवटच्या दोन महिन्यांत तिला पेजसुद्धा जात नव्हती. मी चमचा घेऊन बसायचो आणि ती मान फिरवायची. तेव्हा मला त्या रविवारची संध्याकाळ फार आठवायची. अजून आठवते. म्हणून तेवढं सांगतो.

चिंचण्याची शेवटची गाडी पावणेसातला होती. आम्ही सगळे स्टँडवर गेलो, सर, मी आणि शालन, त्या तिघांना पोचवायला. पोचवायलाच की शालनलाही गाडीत बसवायला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खोत त्यावर एक शब्द बोलले नव्हते. शालनच्या हातात तिची कपड्यांची पिशवी होती. मैदानावरून ती तशीच आली होती, पण मला ती पिशवी बघवत नव्हती. सर सारखे चष्मा पुसत होते.

गाडी लागली. सरपंच चढले, चेअरमन चढले. खोत पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"उद्या सोमवार," ते म्हणाले.

"हो, आप्पा."

"कालेज आसंल."

"आहे."

"मग हितंच ऱ्हा." त्यांनी दुसरा पाय वर घेतला. मग वळून म्हणाले, "मास्तर, सुट्टीला पोरीला घरला पाठवा. तिची आई वाट बघती. चार दिस ऱ्हाईल नि यील."

"पाठवतो," सर म्हणाले. "शब्द—"

"शब्द नगो," खोत म्हणाले. "नुसतं पाठवा."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं गेली, वळली, फाटकातून बाहेर पडली. तिचे मागचे लाल दिवे बाजारपेठेच्या वळणापर्यंत दिसत होते. आम्ही तिघं तिथंच उभे होतो. सर बाकावर बसले, त्यांनी बूट काढले आणि पाय लांब केले.

"सर," शालन म्हणाली, "सकाळपासून माझ्या पोटात काही नाही."

स्टँडच्या कँटीनमध्ये पुरीभाजी शिल्लक होती. ती बसली आणि खायला लागली. पहिली प्लेट तिनं आमच्याकडं न बघता संपवली. दुसरी आली, ती संपवली. सर आणि मी समोर बसून नुसते बघत होतो. आमचा चहा गार झाला. कँटीनवाल्यानं विचारलं, आणखी? तिनं मान हलवली. तिसरी प्लेट आली तेव्हा तिला आम्ही बघतोय याचं भान आलं. पुरीचा तुकडा हातात धरून तिनं माझ्याकडं, मग टेबलावरच्या माझ्या वहीकडं बघितलं.

"हे मात्र छापू नका," ती म्हणाली.